खांब विकायचे नाहीत!

आज सकाळी ओट्यावर चहा घेत बसले होते, तर एक माणूस मोटरसायकलवरून उतरला, चपला काढून सरळ आत आला आणि मधल्या खांबावर बोटाने ठकठक करायला लागला. म्हटलं कोण हवंय? तर म्हणे, "ताई, तुमच्या भाऊजींनी पाठवलं पुण्याहून, जुनं सागवान काढायचंय ना?" मी काही बोलायच्या आत पठ्ठ्याने खिशातून टेप काढून खांबाचा घेर मोजलासुद्धा आणि घनफुटाचा भाव सांगून मोकळा!! राहतो आम्ही अमळनेरात, आणि आमच्या खांबांचा सौदा ठरतोय पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून.

त्याला पाणी दिलं, त्याचा काय दोष. पण भाऊजींचा राग दिवसभर उतरला नाही म्हणून इथे लिहितेय. वाचतील तर वाचू देत.

फॅमिली ग्रुपवर आमच्या घराचा विषय निघाला की यांचं ठरलेलं वाक्य, "मातीत पैसा किती घालणार, पाडा आणि स्लॅब टाकून मोकळे व्हा." मोकळे व्हा म्हणजे काय? आम्ही कुठे अडकलोय? आजेसासऱ्यांनी बांधलेलं धाब्याचं घर आहे, दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, त्यावर कडीपाट आणि वर मातीचं धाबं. बरीच वर्षं बंद होतं तेव्हा यातल्या कुणाला आठवण नव्हती. आम्ही येऊन राहायला लागलो तर सगळेच इंजिनिअर झाले.

गेल्या पावसाळ्यात पहिल्याच जोरदार पावसात मधल्या घरात धार लागली होती. दोन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले, दोघांनीही वर न चढताच सांगितलं, पाडा. मग शेजारच्या जिजींनी आप्पांना पाठवलं. आप्पा जुने गवंडी, वय ऐंशीच्या आसपास. शिडीवरून सरसर वर गेले, धाब्यावरची चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकले आणि म्हणाले, "बेटा, हाई खारी नई शे, नुसती माटी शे." म्हणजे ही खारी नाही, नुसती माती आहे; खारी म्हणजे धाब्यावर घालतात ती खारट माती. बस्स, एवढंच निदान. कुणीतरी मधल्या काळात शेतातली काळी माती टाकून ठेवली होती आणि ती उन्हाळ्यात भेगाळली होती. गावठाणाच्या पांढरीतून ट्रॉलीभर खारी आणली, चोपून बसवली, पन्हाळ मोकळे केले, गळणं थांबलं. नवऱ्याने नंतर नेटवर वाचून मला समजावलं की त्या मातीत सोडियमचे क्षार असतात, ओली झाली की ती फुगते आणि तिची बारीक भोकं आपोआप बुजतात, म्हणून पाणी आत न मुरता वरच्यावर वाहून जातं. छान. आप्पांना हे जिभेवर कळलं.

आणि उन्हाचं काय? खानदेशात मे महिना काढलेल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, स्लॅबची खोली रात्री बारापर्यंत तापलेली असते, लोक अंथरुणं घेऊन गच्चीवर पळतात. आमच्या मधल्या घरात दुपारी नुसत्या पंख्यावर झोप लागते. हां, उंदीर आहेत, पाली आहेत, दर उन्हाळ्यात धाब्यावर खारी टाकायची कटकट आहे, उधईसाठी, म्हणजे वाळवीसाठी, डोळ्यात तेल घालून लाकूड तपासावं लागतं, मान्य. आणि ज्याचं कुडाचं घर दर पावसात बसत होतं आणि आत्ता कुठे घरकुलातून पक्कं घर मिळालंय, त्याला मातीचं कौतुक सांगायला मी जाणार नाही, तेवढी अक्कल आहे. पण भाऊजींचं कुठलं घर बसत होतं?

आता दुसरी जमात. "वॉव, किती ॲस्थेटिक! होमस्टे काढा ना!" मैत्रिणी येतात, कोनाड्यात दिवा लावून रील काढतात, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खातात आणि संध्याकाळच्या गाडीने परत. खरं सांगू, मला हे पाडा म्हणणारे आणि हे वॉव म्हणणारे एकाच माळेचे मणी वाटतात. दोघांनाही इथे राहायचं नाही. आमचे खांब शहरातल्या कुठल्यातरी हॉटेलात पॉलिश मारून उभे राहिले असते आणि त्याच्याखाली बसून याच लोकांनी शेवभाजी मागवून फोटो टाकले असते. आप्पांनी घराला एकदासुद्धा सुंदर म्हटलं नाही. त्यांनी फक्त भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारायला निघालेल्या पोराला हाकलून दिलं, कारण सिमेंटने भिंतीची ओल आतच कोंडते आणि मग गिलाव्यासकट माती सुटून येते.

"पण तिकडे आहे काय?" हाही एक लाडका प्रश्न. अरे बाबांनो, साने गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या शाळेत शिकवत होते, तुम्ही ज्या विप्रोत नोकरी मिळाली म्हणून पेढे वाटता ती १९४५ साली याच गावात वनस्पती तूप-तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली, २०२४ चं साहित्य संमेलनही इथेच झालं. मॉल नाही, बरोबर. माझंही काही अडलं नाही.

असो, लिहिता लिहिता जरा शांत झाले.

सुरुवातीला मला इथे जड गेलं हे खरं. भाजी घ्यायला गेलं तरी "कोनी वहू शे व तू?" कुणाची सून, आधी ते सांगायचं, मग भाव. कोण काय स्वयंपाक करतं, कुणाकडे कोण आलं, सगळं सगळ्यांना माहीत, त्याचा वैताग अजूनही येतो. पण यंदा उन्हाळ्यात जिजी विचारायला आल्या, तुमच्या धाब्यावर बिबडे (ज्वारीचे पापड) घालू का, त्यांच्याकडे स्लॅबवर मधोमध टाकी आणि सोलर, जागाच नाही. मग काय, अख्खी गल्ली वर. पहाटे चिक शिजवायचा, ऊन चढायच्या आत जुन्या साड्यांवर बिबडे थापून मोकळं व्हायचं. आप्पा खालून ओरडत होते की बायांनो, खारी उकरू नका! त्या दिवसापासून मला कुणी "कोनी वहू" विचारलं नाही.

तर भाऊजी, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खानदेशची देवी, बसणार आहे, आणि ती याच घरात बसणार. रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू माणसामागे मोजून घेतात, तुमच्या नावाचेही धरलेत. सहकुटुंब या, मधल्या घरात झोपा. लाकूडवाल्याला मात्र परत पाठवलंत तर यावेळी पाणीही देणार नाही.

आणि अमळनेर, पारोळा, धरणगाव भागातलं कुणी वाचत असेल तर, जुन्या दाराची चौकट खालून कुजलीय, तेवढाच तुकडा काढून जोड देणारा सुतार हवाय. "नवीनच बसवा" म्हणणारा नको. नंबर इनबॉक्समध्ये टाका.