बारा वाजण्याच्या आत

मराठी माणसाच्या मनात किल्ल्याची एक ठरलेली आकृती असते. पायथ्याच्या गावातून भल्या पहाटे निघायचे, घसाऱ्याच्या वाटेवर हातापायांनी चढायचे, वर पोहोचल्यावर एक पडका दरवाजा, पाण्याचे टाके, वाड्याचा चौथरा आणि भन्नाट वारा एवढ्या भांडवलावर सगळे वैभव मनातल्या मनात उभे करायचे, आणि उतरताना आपल्याच गुडघ्यांना नावे ठेवायची. माझे साडू या पंथाचे कट्टर अनुयायी आहेत. त्यामुळे जैसलमेरच्या किल्ल्यातील जैन मंदिरे पाहण्याचा बेत ठरला, तेव्हा त्यांनी घोट्याच्या वरपर्यंत चढणारे, लांबलचक नाड्यांचे ट्रेकिंगचे नवे बूट खरेदी केले. शिवाय किल्ला आणि जैन शिल्पे यांचा जोडविषय आपल्याला नवा नाही, मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईची जैन लेणी आपण कधीच पाहिली आहेत, हेही त्यांनी गाडीत सर्वांना एकदा आणि सासूबाईंना स्वतंत्रपणे पुन्हा एकदा सांगितले.

जैसलमेरचा किल्ला ज्या त्रिकूट टेकडीवर उभा आहे, ती सभोवतालच्या सपाटीपासून सुमारे ७६ मीटर उंच आहे. हा आकडा ऐकून साडूंचा चेहरा उतरला. त्यात किल्ल्यातील दसरा चौकापर्यंत चक्क रिक्षा जाते, हे कळल्यावर त्यांनी आपल्या बुटांकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला पाहवली नाही. "याला गड म्हणायचे असेल, तर आमच्या पर्वतीने काय घोडे मारले आहे?" असे ते म्हणाले, आणि निषेध म्हणून पायी चढले.

किल्ला पडका नव्हता, ही त्यांची दुसरी तक्रार. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेल्या या किल्ल्यात आजही काही हजार माणसे राहतात. ९९ बुरुजांच्या आत शाळेला निघालेली मुले, वाळत घातलेले कपडे, गल्ली अडवून उभी असलेली गाय आणि कुकरच्या शिट्ट्या असा भरला संसार आहे. वाळवंटातल्या या वास्तूला पाण्याची मुळीच सवय नव्हती. पूर्वी लोक घड्याच्या हिशेबाने पाणी वापरत. पुढे नळ आले, हॉटेले आली, आणि सांडपाणी टेकडीच्या पोटात मुरून तटबंदीचा पायाच भुसभुशीत होऊ लागला. शत्रूंनी दमवलेला हा किल्ला शेवटी पाहुण्यांच्या अंघोळींनी खचावा, हा दैवदुर्विलास होय. आम्ही किल्ल्याबाहेरच्या हॉटेलात उतरलो होतो आणि साडूंनी थंडीमुळे त्या सकाळी अंघोळही टाळली होती; ही माहिती ऐकल्यापासून ते त्या गोष्टीला वारसा-संवर्धन म्हणू लागले.

या सगळ्या प्रकरणातली खरी तटबंदी मात्र दगडाची नव्हती, घड्याळाची होती. आम्ही गेलो तेव्हा जैनेतर पर्यटकांना मंदिरे दुपारी बारापर्यंतच पाहता येत होती, आणि ते योग्यच होते, कारण ती संग्रहालये नसून नित्यपूजेची मंदिरे आहेत. अडचण एवढीच, की आमच्या कुटुंबाला सकाळ झाल्याची जाणीव साधारण साडेदहाला होते. आदल्या रात्री "आठला म्हणजे आठला" अशी शपथ घेतलेली माणसे दुसऱ्या दिवशी साडेनऊला पोह्यांत शेंगदाणे कमी असल्याबद्दल चर्चा करीत होती.

वर जाताना अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ असे चार दरवाजे लागतात. चढत्या वाटेला मुद्दाम तीव्र वळणे दिलेली आहेत, जेणेकरून शत्रूच्या हत्तींना आणि घोड्यांना धावत येऊन दरवाजावर धडक देता येऊ नये. तटावर दगडी गोळे अजून रचून ठेवलेले दिसतात. वेळ पडल्यास ते खाली लोटायचे. एवढा सगळा बंदोबस्त करणाऱ्या भाटी राजांना एक युक्ती सुचली नाही, जी त्यांच्या वंशजांच्या प्रजेने अमलात आणली आहे. दोन दरवाजांच्या मधल्या वाटेवर आरशांच्या रजया, कठपुतळ्या आणि ओढण्या टांगून ठेवल्या, तर कोणतीही फौज तिथल्या तिथे थांबते. आमची फौज सूरज पोळेजवळ थांबली, गणेश पोळेजवळ पुन्हा थांबली, आणि हवा पोळेच्या आत सौ.ने उंटाच्या चामड्याची एक सुबक पर्स घासाघीस करून विकत घेतली.

मंदिराच्या दाराशी पोहोचलो, तेव्हा अकरा वाजत आले होते. दारावरच्या पाटीवर, आत चामड्याची कोणतीही वस्तू नेऊ नये, असे स्वच्छ लिहिलेले होते. अहिंसेला प्रथम स्थान देणाऱ्या धर्माच्या मंदिरात दुसरे काय लिहिलेले असणार? परंतु ते वाचल्यावर आमच्या अंगावरून जे काय निघाले, ते पाहून मी थक्क झालो. पट्टे, पाकिटे, घड्याळांचे पट्टे, सासूबाईंच्या चश्म्याचे जुने घर, आणि या सर्वांवर मुकुटमणी म्हणून ती कोरी पर्स, जिच्यावरची किमतीची चिठ्ठीही अजून निघाली नव्हती. एरवी शाकाहाराचा अभिमान बाळगणारे आमचे घराणे नखशिखान्त गुराढोरांच्या आधारावर उभे होते, हे त्या ढिगाकडे पाहून लक्षात आले.

ढिगाजवळ कोणीतरी थांबणे भाग होते. अशा प्रसंगी आमच्या घरात मतदान होत नाही. सगळे माझ्याकडे पाहतात. साडूंचे बूट सुटेपर्यंत तसा मला सोबतीला तेच होते. प्रत्येक बुटाला सात जोड्या भोके आणि वर आकडे, आणि त्यांतून आरपार फिरलेली नाडी. ते पायरीवर वाकून एकेक फास सोडवीत होते आणि मागून येणारी भाविक मंडळी चपला झटकून आत जात होती. मी बसलो होतो, त्याच्या समोरच्या दुकानदाराने माझ्याकडे पाहिले, माझ्या पट्टाविहीन पँटकडे पाहिले, आणि एक शब्दही न बोलता एक लांबलचक लहेरिया ओढणी काढून माझ्यासमोर धरली. व्यापार शिकावा तर मारवाडात. माझी पाळी आली, तेव्हा मी कमरेला केशरी-पिवळी ओढणी आवळून मंदिरात प्रवेश केला, आणि आतल्या एका लहान मुलीने आईला विचारले, की हे काका नाचणार आहेत का.

डिसेंबरातल्या सकाळी त्या दगडी फरशीवर अनवाणी पाय ठेवला, की थंडी तळव्यातून शिरून थेट दाढेपर्यंत पोहोचते. पण चार पावले टाकल्यावर तळव्यांची तक्रार विसरायला होते, कारण तोवर मानेची सुरू झालेली असते. पार्श्वनाथ मंदिराच्या दारातले तोरण पाहायला मी मान वर केली आणि ती बराच वेळ खाली आणलीच नाही. तोरण म्हणजे दोन खांबांमधली कमान, एवढेच माझे ज्ञान होते. इथे त्या कमानीच्या एकेका वळणात नर्तकी, वादक आणि बसलेले तीर्थंकर कोरलेले होते. छताच्या मधोमध वर्तुळात वर्तुळे आत आत जात होती, आणि वर्तुळाच्या कडेने उभ्या असलेल्या स्त्रियांपैकी एकीच्या पायातल्या पैंजणाची कडीसुद्धा वेगळी कोरलेली होती. ती कडी खालून पाहणाऱ्या कोणाला दिसेल, असा विचार करून ती कोरलेली असणे शक्य नाही. पिवळा दगड हा साधा वालुकाश्म; पण त्याला छिन्नीने इतके सोसायला लावले आहे, की त्याच्याकडे पाहताना मानेच्या दुखण्याची लाज वाटावी.

ही सात मंदिरे बाराव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यानची, एकमेकांना ओवऱ्या-बोळांनी जोडलेली. यांचा पैसा आला तो उंटांच्या पाठीवरून. सिंध आणि मध्य आशियाकडे जाणाऱ्या तांड्यांचा माल जैसलमेरवरून जात असे, आणि त्या व्यापारात जैन श्रेष्ठींनी जे कमावले, त्यातला मोठा वाटा दगडात घातला. पुढे समुद्रमार्गाने व्यापार वाढला, मुंबई बंदर भरभराटीला आले आणि तांड्यांची वाट ओस पडत गेली. ही माहिती आमच्या वाटाड्याने दिली, आणि आम्ही मुंबईकडचे आहोत हे कळल्यावर आमच्याकडे असे पाहिले, की जणू गोदीची पायाभरणी साडूंनीच केली असावी.

साडूंची अडचण निराळी होती. गाभाऱ्याभोवतीच्या ओवरीत शेकडो तीर्थंकर ओळीने बसलेले आहेत, तेच पद्मासन, तीच ध्यानमुद्रा, तोच निर्विकार चेहरा. एक फेरी मारून ते म्हणाले, "सगळे सारखेच तर आहेत. चला, झाले पाहून." यावर सासूबाई, ज्यांचे गुडघे हॉटेलच्या पायऱ्यांवर अजिबात वाकत नव्हते, चटकन खाली वाकल्या आणि मूर्तीच्या बैठकीवर बोट दाखवून म्हणाल्या, "अहो धाकटे जावई, चेहरा काय पाहता? खालची खूण पाहा. बैल दिसला तर ऋषभदेव, घोडा तर संभवनाथ, चंद्रकोर तर चंद्रप्रभू. शाळेत काय शिकलात?" त्यांचा शेजारच्या जैन कुटुंबाशी जन्माचा घरोबा आहे, आणि पर्युषणात त्यांच्याकडे ऐकलेले सगळे त्यांना पाठ आहे, हे आम्हा दोन्ही जावयांना त्या दिवशी प्रथमच समजले.

झाले. सह्याद्रीतल्या घाटवाटा नावानिशी ओळखणाऱ्या माणसाला कोणी अज्ञानी म्हटलेले कसे चालेल? साडू दर मूर्तीपुढे उकिडवे बसू लागले. बसताना गुडघा वाजे, उठताना दुसरा वाजे, आणि मध्ये "घोडा!" अशी विजयी पुकार होई. सर्पाच्या फणांचे छत्र असले, तर पार्श्वनाथ हे त्यांना न वाकताही जमू लागले. खरा पेच पडला तो शांतिनाथ आणि कुंथुनाथ यांच्या मंदिरांपाशी. शांतिनाथांचे लांछन, म्हणजे ओळखीची खूण, हरिण; कुंथुनाथांचे बोकड. ज्या मूर्तीपुढे आम्ही बसलो होतो, तिच्या बैठकीवरचा प्राणी अंगठ्याच्या नखाएवढा होता. शतकानुशतकांच्या प्रक्षालाने, म्हणजे मूर्तीला घातलेल्या स्नानाने, आणि केशराच्या बोटांनी त्याची शिंगे पार झिजून गेली होती आणि शेपटीच्या जागी एक पिवळसर डाग उरला होता. साडू म्हणाले हरिण, सासूबाई म्हणाल्या बोकड. साडूंनी मान लांब असल्याचा मुद्दा मांडला, सासूबाईंनी पोट सुटलेले असल्याचा. मी ओढणी सावरीत दोघांच्या मध्ये वाकून तो प्राणी पाहिला आणि मला तो कुत्रा वाटला. परंतु संसाराचा अनुभव असल्यामुळे मी ते बोललो नाही. शेवटी पूजेचे ताट घेऊन जाणाऱ्या एका आजोबांनी न थांबताच "कुंथुनाथजी" एवढे सांगितले. साडूंनी अंकाईचे नाव त्यानंतर दिवसभर काढले नाही.

संभवनाथ मंदिराच्या तळघरात जिनभद्रसूरि ज्ञानभांडार आहे. खरतरगच्छ या श्वेतांबर जैन साधुपरंपरेचे हे आचार्य पंधराव्या शतकातले. ताडपत्रांवरच्या आणि कागदावरच्या पोथ्या, त्यांच्यावरच्या रंगवलेल्या लाकडी पाट्या, हे सारे वाळवंटातल्या कोरड्या हवेत आणि किल्ल्याच्या पोटात सुरक्षित राहिले. १८७४ मध्ये ब्यूलर आणि याकोबी हे दोन विद्वान या पोथ्या पाहण्यासाठी जैसलमेरला आले होते. तेव्हा इथे रेल्वे नव्हती, आणि पोथी दाखवण्याबाबत राखणदार हात आखडता घेत. पुढे १९५० च्या सुमारास मुनी पुण्यविजयजींनी इथे मुक्काम करून हा सगळा संग्रह नीट लावला. काचेआड ठेवलेली काही पाने पाहायला मिळतात. हात-दीड हात लांब, तीन बोटे रुंद, आणि त्यांवर ओळीत ओळ न मिसळता लिहिलेली बारीक अक्षरे. मधोमध दोरी ओवायचे भोक, आणि लिहिणाऱ्याने त्या भोकाभोवती चौकोनी जागा न चुकता मोकळी सोडलेली. मला तिथे उभे असताना आमच्या विम्याच्या पॉलिसीची आठवण झाली. तीही अशीच कोणीतरी फार जपून ठेवली आहे, आणि मागच्या दिवाळीपासून सापडत नाही.

बाराला दहा मिनिटे असताना रखवालदार किल्ल्या वाजवीत फिरू लागला. त्याचे चुकत नव्हते. पण चंद्रप्रभूंच्या मंदिराचा वरचा मजला आमचा राहिला होता, आणि वरून छत जवळून दिसते असे ज्याने त्याने सांगितले होते. मी जिन्याकडे वळलो, तेवढ्यात ढिगाजवळ बसवलेल्या सौ.चा आवाज आला, की आता ती आत येणार आहे आणि मी बाहेर यावे. तिचे बरोबरच होते, कारण तिने अजून काहीच पाहिले नव्हते. पुढच्या दहा मिनिटांत तिने सातही मंदिरे पाहिली, शिवाय मला न दिसलेली एक सुरेख जाळी, एक बासरीवादक आणि वरच्या मजल्यावरून दिसणारे शिखर, एवढे सगळे पाहून ती बारा वाजता शांतपणे बाहेर आली.

साडूंच्या नाड्या बांधून होईपर्यंत साडेबारा झाले. पट्टे ज्याचे त्याला मिळाले. साडूंचा मला आणि माझा साडूंना, हे जेवताना कळले. दुकानदाराने ओढणी परत घेतली नाही, ती सौ.ला आवडली. गाडीत बसल्यावर चालकाने सांगितले, की आता लोद्रव्याला जायचे. भाटी राजांची जैसलमेरच्या आधीची राजधानी, सुमारे १५ किलोमीटरवर, आणि तिथेही जैन मंदिर आहे. साडूंनी नुकत्याच बांधलेल्या बुटांकडे पाहून एक सुस्कारा सोडला.

"काळजी करू नका, धाकटे जावई," सासूबाई मागून म्हणाल्या, "तिथे सहस्रफणा पार्श्वनाथ आहेत. हजार फणांचा नाग आहे डोक्यावर. तुम्हालासुद्धा ओळखता येईल."