स्पीडोमीटरचा गिअर : दात कमी नाही, जास्त!
ठाण्यात जुन्या गाड्यावाल्यांमध्ये सध्या फिरतंय की मीटर जास्त स्पीड दाखवत असेल तर केबलच्या टोकाचा छोटा गिअर कमी दातांचा टाका. अहो, उलटं आहे! तो गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरून (चाकांकडे गती नेणाऱ्या दांड्यावरून) फिरतो, दात कमी केले की केबल अजून जोरात फिरणार आणि काटा आणखी वर जाणार. घोडबंदरला जीपीएसवर ६० चा स्पीड कायम ठेवा, काटा शेजारच्याला बघू द्या, तो ६६ वर असेल आणि आत्ताचा गिअर २० दातांचा असेल तर २० गुणिले ६६ भागिले ६०, म्हणजे २२ दातांचा लागेल. पण आधी मीटरमधला किलोमीटरचा आकडाही खऱ्या अंतराशी ताडून बघा, तो बरोबर येत असेल तर दोष मीटरमध्येच आहे, गिअरला हात लावू नका प्लीज.