वेळापत्रकात कापूस वेचणीही धरा

‘बी.ए.चं पहिलं वर्ष रुळण्यात गेलं तरी चालतं’ हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलंय. पहिल्याच वर्षी ४० ते ४४ श्रेयांक (क्रेडिट) असतात, शिवाय मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतला खुला विषय घ्यावा लागतो. तो मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नका, आधी अभ्यासक्रम वाचा.

आमच्या खानदेशात खरी अडचण वेगळीच. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी भरात असते आणि पहिल्या सत्राची परीक्षाही तेव्हाच डोक्यावर येते. शेतकऱ्यांची मुलं, त्यातही मुली (हे फार लागतं मनाला), नेमके तेव्हाच तास बुडवतात. म्हणून अंतर्गत गुणांचे प्रकल्प, टिपणं सप्टेंबरातच उरका आणि परीक्षेच्या तारखा कळल्या की लगेच घरी सांगा.

विषय निवडताना जवळ काय आहे तेही बघा. तत्त्वज्ञान आवडत असेल तर अमळनेरची तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्यास-संस्था १९१६ पासूनची आहे. मराठी घेतलीत तर आजीच्या अहिराणी ओव्या आत्ताच लिहून घ्यायला लागा, त्यावर चांगला प्रकल्प होईल.