हीलरची रेस: ‘एक-दोन टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कोपरखैरण्याहून आलेली तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात हीलरसाठी (सोबत्यांच्या जखमा भरणाऱ्या पात्रासाठी) कोणती रेस, म्हणजे कोणता वंश घ्यावा, या लेखात मी प्रीस्ट या मंत्राने हील करणाऱ्या वर्गासाठी ड्वार्फ वंशाला ह्यूमनच्या वर ठेवलं होतं. तुमचं म्हणणं असं की रेसमुळे पडणारा फरक जेमतेम एक-दोन टक्क्यांचा असतो, नाइट एल्फ वंशाच्या शॅडोमेल्डबद्दल (अदृश्य होण्याच्या क्षमतेबद्दल) लिहिलेलं तुम्ही खेळता त्या क्लासिकमध्ये, म्हणजे खेळाच्या जुन्या आवृत्तीत, चालतच नाही, आणि नवी मुंबईतून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या पुढे असताना हा सगळा हिशोब व्यर्थ आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, की लेव्हल ३२ला आलेली ह्यूमन प्रीस्ट आता डिलीट करायची का?

आधी शॅडोमेल्ड, कारण तिथे चूक माझी आहे. रिटेलमध्ये, म्हणजे खेळाच्या आजच्या आवृत्तीत, शॅडोमेल्ड भर लढाईत वापरता येतं. तुमच्यावर रोखलेला शत्रूचा मंत्र त्याने हुकतो. सगळा ग्रुप मरायला टेकला असेल तर नाइट एल्फ हीलर जागच्या जागी अदृश्य होतो, लढाई संपू देतो आणि मग सगळ्यांना एकदम उठवतो. मात्र एक पाऊल हललात की ते तुटतं. क्लासिकमध्ये याच नावाची क्षमता लढाईबाहेरच चालते. मी दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबलं आणि कोणतं कुठलं ते सांगितलं नाही. लेखात आता दोन वेगळे भाग केले आहेत.

पण हीच गोष्ट तुमच्या पहिल्या मुद्द्यालाही लागू होते. ‘एक-दोन टक्के’ हे रिटेलचं माप आहे. तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते आकड्यांत मांडता येतं. ड्वार्फला क्रिटिकल हीलवर (कधीकधी नशिबाने दुप्पट बसणाऱ्या हीलवर) २ टक्के जास्त मिळतात, म्हणजे क्रिट दुप्पट न होता २.०४ पट होतो. तुमची क्रिटची शक्यता २५ टक्के धरली, तर एकूण हीलिंग १.२५वरून १.२६वर जातं. फायदा झाला ०.८ टक्के. ह्यूमनला दुय्यम स्टॅट्स (क्रिटसारखे गुण) २ टक्के जास्त मिळतात, त्याचाही फरक असाच किरकोळ पडतो. एवढ्यासाठी कुणी आवडीचं रूप सोडू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे.

रिटेलमध्ये मी ड्वार्फ सुचवतो ते या ०.८ टक्क्यांसाठी नाही. स्टोनफॉर्म अंगावरचं विष, रोग, शाप, जादू आणि रक्तस्राव एका झटक्यात काढतं, आणि पुढचे ८ सेकंद शारीरिक मार १० टक्के कमी लागतो. कूलडाऊन (पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ) २ मिनिटं. यातला रक्तस्राव महत्त्वाचा, कारण तो बहुतेक हीलरना डिस्पेल करताच (मंत्राने काढताच) येत नाही. शिवाय हीलरच्या नेहमीच्या डिस्पेलला ८ सेकंदांचा कूलडाऊन आहे. डिबफ (अंगावर लागलेला वाईट परिणाम) तुमच्यावर आणि टँकवर (शत्रूचा मार झेलणाऱ्यावर) एकदमच आला, तर तुमचा तुम्ही स्टोनफॉर्मने काढता आणि डिस्पेल टँकसाठी मोकळा राहतो. स्टन झालेला असताना (काही क्षण हालचाल बंद पडलेली असताना) मात्र ते दाबता येत नाही. तिथे ह्यूमनचं विल टू सर्व्हाइव्ह कामी येतं, त्याचा कूलडाऊन ३ मिनिटं. कोणत्या डन्जनमध्ये कोणता त्रास जास्त, त्यावर ही निवड ठरते.

आता क्लासिक, म्हणजे तुमचा खेळ. ह्यूमनची ख्याती आहे ५ टक्के जास्त स्पिरिटसाठी, म्हणजे मॅना (मंत्रांना लागणारी शक्ती) परत मिळवून देणाऱ्या गुणासाठी. ऐकायला हे घसघशीत वाटतं, म्हणून आपण ते नीट मोजून पाहू.

समजा लेव्हल ६०ला तुमचं स्पिरिट ३०० आहे. ५ टक्के म्हणजे १५ जास्त. प्रीस्टला मॅना दर २ सेकंदांच्या ठोक्याला परत मिळतो, आणि त्यात स्पिरिटच्या आकड्याचा एक चतुर्थांश भाग मिळतो. म्हणजे या १५चे ठोक्याला ३.७५ मॅना झाले. पण मॅना खर्च केल्यापासून ५ सेकंद हा ओघ बंद असतो. मेडिटेशन टॅलेंटमध्ये (निवडून घ्यायच्या कौशल्यात) तिन्ही पॉइंट टाकले असतील तर त्यातला १५ टक्के चालू राहतो, ठोक्याला ०.५६. पाच मिनिटांच्या लढाईत १५० ठोके पडतात. तुम्ही सतत हील करत असाल, तर ह्यूमन असल्याचा फायदा साधारण ८४ मॅना. अगदी शिस्तीत खेळून निम्मा वेळ पाच सेकंदांच्या बाहेर राहिलात, तरी ३२३. फ्लॅश हील या झटपट मंत्राच्या शेवटच्या रँकला ३८० मॅना लागतो. म्हणजे अख्ख्या बॉसमागे एक फ्लॅश हीलसुद्धा जास्त निघत नाही. स्पिरिच्युअल गायडन्स या टॅलेंटमुळे स्पिरिटचा २५ टक्के भाग हीलिंगमध्ये मिळतो, तोही इथे ३.७५च. फ्लॅश हीलला त्यातला ४३ टक्के लागू होतो, म्हणजे प्रत्येक हीलमागे दीडेक हेल्थ.

याच्यासमोर ड्वार्फचं फिअर वॉर्ड ठेवा. जुन्या खेळात, आणि म्हणून क्लासिकमध्येही, हा मंत्र ड्वार्फ प्रीस्टलाच मिळतो, लेव्हल २०ला. तो १० मिनिटं टिकतो आणि कूलडाऊन आहे ३० सेकंदांचा. ज्याच्यावर टाकला त्याच्यावरची पुढची भीती वाया जाते, आणि त्याबरोबर वॉर्डही संपतो. मोल्टन कोअर या चाळीस जणांच्या रेडमधला (मोठ्या मोहिमेतला) बॉस मॅगमाडार साधारण अर्ध्या मिनिटाच्या अंतराने सगळ्यांना भीती घालतो. ओनिक्सिया ही ड्रॅगन तिसऱ्या टप्प्यात तेच करते, नेफेरियनही करतो. टँक पळत सुटला की बॉसचं तोंड फिरतं, ओनिक्सियाचा अग्निश्वास नाहीतर शेपटी घोळक्यात बसते, आणि चाळीस जणांची संध्याकाळ वाया जाते. हॉर्ड या विरोधी गटाकडे यासाठी शामन या वर्गाचा ट्रेमर टोटेम आहे. ह्यूमन-ड्वार्फ ज्यात येतात त्या अलायन्स गटाला क्लासिकमध्ये शामन मिळतच नाही, म्हणून तिथे फिअर वॉर्डला इतकी किंमत. टँकने वेळ साधून बर्सर्कर रेज वापरला तर काम भागतं, पण त्याला स्टान्स (लढण्याचा पवित्रा) बदलावा लागतो आणि एक चूक पुरते. एकट्या ड्वार्फ प्रीस्टचा कूलडाऊन मॅगमाडारच्या भीतीला जेमतेम पुरतो. दोघांनी आळीपाळीने टाकलं तर निर्धास्त. एका बाजूला बॉसमागे जेमतेम एक फ्लॅश हील, दुसऱ्या बाजूला टँक जागेवर राहणं. लेखातला क्रम एवढ्यावरूनच लावला होता. खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डलाही हा फरक फार मोठा वाटला असावा, कारण २००७मध्ये फिअर वॉर्ड सगळ्याच प्रीस्टना देऊन टाकलं.

हॉर्डबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तिथल्या ट्रोल वंशाबाबत एक गैरसमज फार पसरलाय, म्हणून लिहितो. बर्सर्किंगने मंत्रांचा वेग वाढतो, हेल्थ पूर्ण असताना १० टक्के आणि घायाळ असताना ३० टक्क्यांपर्यंत, १० सेकंदांसाठी. मग लोक ते लावतात आणि फ्लॅश हीलचा धडाका सुरू करतात. यात काहीच हाती लागत नाही. क्लासिकमध्ये ग्लोबल कूलडाऊन (दोन मंत्रांमधला सक्तीचा किमान वेळ) १.५ सेकंदांवर पक्का असतो आणि वेग वाढला तरी तो कमी होत नाही. फ्लॅश हील मुळातच १.५ सेकंदांचं, त्यामुळे मंत्र लवकर संपतो आणि उरलेला वेळ तुम्ही नुसते उभे राहता. ट्रोलने त्या १० सेकंदांत ग्रेटर हील वापरावं. टॅलेंटसह ते अडीच सेकंदांचं असतं, त्याचं सव्वादोन होतं. शामनने लेसर हीलिंग वेव्ह नाही, चेन हील किंवा हीलिंग वेव्ह. अनडेड प्रीस्टचं विल ऑफ द फोर्सेकन भीतीतून स्वतःला सोडवतं, पण टँकला नाही. ड्रुइडला तर निवडच नाही: अलायन्समध्ये नाइट एल्फ, हॉर्डमध्ये टॉरेन.

आणि आता पिंग. तुमचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण ठाण्यात किंवा नवी मुंबईत बसून खेळणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारतींची रांग उभी आहे, पण या खेळाचे सर्व्हर तिथे नाहीत. आपल्याला युरोप गाठावं लागतं, नाहीतर सिडनी. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते पश्चिम युरोप सरळ रेषेत साधारण ७,००० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७० मिलिसेकंद तर लागणारच. सिडनी १०,००० किलोमीटरच्या आसपास, तिथे १००. केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा बराच वर जातो. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३००चा केल्याने तो उतरणार नाही. उतरतो तो आकड्याचा चढउतार, आणि त्यासाठी टॉवरमधल्या पन्नास राउटरच्या गर्दीतलं २.४ गिगाहर्ट्‌झ वाय-फाय सोडून लॅनची वायर लावा. महावितरणची वीज गेली की राउटर बंद पडू नये म्हणून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस ठेवा (राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट-अँपिअर आधी वाचा).

आता या पिंगने हिशोब व्यर्थ होतो का? एकामागोमाग हील टाकताना नाही. खेळात स्पेल क्यू विंडो नावाची सेटिंग आहे, मूळ आकडा ४०० मिलिसेकंद. चालू मंत्र संपायच्या ४०० मिलिसेकंद आधी पुढचं बटण दाबलं, तर तो मंत्र रांगेत लागतो. तुमचं पिंग २०० असलं तरी मधे खंड पडत नाही. परदेशी गाइड वाचून काही जण ही सेटिंग १००वर आणतात. त्यांचं पिंग ३०-४० असतं, त्यांना ते चालतं. आपण तसं केलं तर प्रत्येक दोन मंत्रांमधे फट पडते. ४०० तसंच राहू द्या.

पिंग नडतं ते प्रतिक्रियेच्या वेळी, आणि म्हणूनच रेस निवडताना ते धरायला हवं. स्क्रीनवर दिसणारा मार आधीच घडून गेलेला असतो, आणि तुमचं बटण आणखी उशिरा पोचतं. शत्रूचा मंत्र शेवटच्या क्षणी शॅडोमेल्डने हुकवायचा असेल, तर २०० पिंगवर कास्टबारच्या (मंत्र किती झाला ते दाखवणाऱ्या पट्टीच्या) शेवटी नाही, पाव-अर्धा सेकंद आधी दाबावं लागतं. टॉरेनच्या वॉर स्टॉम्पचा स्टन २ सेकंदांचा. त्यात २ सेकंदांचं रिग्रोथ कमी पिंगवरही काठोकाठ बसतं, आपल्याकडे ते सुटण्याचीच शक्यता जास्त. उलट फिअर वॉर्ड आधीच टाकून ठेवायचं असतं, ते टाकायला २०० काय, ५०० मिलिसेकंद पिंग असलं तरी बिघडत नाही. स्टोनफॉर्मही तसंच, डिबफ कित्येक सेकंद अंगावर असतो. पिंग जास्त असणाऱ्याने आधी लावून ठेवता येणारी किंवा सवडीने दाबता येणारी क्षमता निवडावी. तुमच्या मुद्द्याने ड्वार्फची बाजू उलट बळकट होते.

राहिली तुमची लेव्हल ३२ची ह्यूमन. डिलीट करू नका. तुमच्या गिल्डमध्ये (कायम एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात) दोन ड्वार्फ प्रीस्ट नियमित येत असतील, तर तिसऱ्याच्या फिअर वॉर्डने फार फरक पडत नाही. एकही नसेल आणि तुम्हाला मॅगमाडारच्या टँकची जबाबदारी घ्यायची असेल, तरच नव्याने सुरुवात करण्यात अर्थ आहे, आणि तीही आधी रेड लीडरशी बोलून. तोपर्यंत एक तपासा: डेस्परेट प्रेयर तुमच्या स्पेलबुकमध्ये आहे का? ह्यूमन आणि ड्वार्फ दोघांनाही तो लेव्हल १०च्या क्वेस्टमधून मिळतो, मॅना न लागता स्वतःला तत्काळ हील करतो, कूलडाऊन १० मिनिटं. बरेच जण घाईत ते क्वेस्ट सोडून पुढे जातात. नसेल तर स्टॉर्मविंडच्या कॅथेड्रलमध्ये हाय प्रीस्टेस लॉरेनाकडे जा, आणि मिळाला की फ्लॅश हीलच्या शेजारच्याच बटणावर ठेवा.