कोंढव्याचा फ्लॅट आणि एक अफगाण भाडेकरू

आमचा कोंढव्याचा फ्लॅट एका अफगाण मुलाला हवा आहे, असं दादानं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि दोन दिवस वाद पेटला. ‘घुसखोरांना घर नको’ म्हणणारे बरेच. दादा भला माणूस. त्याचं म्हणणं, आपण माणुसकीनं सांभाळून घेतोच, निर्वासितांसाठी वेगळा कायदा कशाला?

मी म्युनिकहून त्या मुलाला फोन केला. शिष्यवृत्तीवर पुण्यात शिकायला आलेला. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि परतीची वाट संपली. आता व्हिसाची मुदत उलटलीय, वाढीचा अर्ज पडून आहे. सिमकार्ड मित्राच्या नावावर. बँकेत केवायसी अडतं, म्हणून पगार रोख. एका हॉटेलमालकानं दोन महिन्यांचे पैसे बुडवले, तरी हा चौकीत गेला नाही. तक्रार करायची म्हणजे आधी स्वतःची कागदपत्रं दाखवायची. झेलम एक्सप्रेसनं दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचं कार्ड आणलंय, पण त्यावर आधार मिळत नाही. मराठी मात्र छान बोलतो. ‘काका, घर बदलायचा कंटाळा आलाय,’ म्हणाला.

भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. 1946 च्या परकीय नागरिक कायद्यात निर्वासित हा वेगळा वर्ग नव्हता, 2025 च्या नव्या कायद्यातही नाही. त्यामुळे जीव वाचवायला थांबलेला आणि चोरून शिरलेला, दोघे एकाच रांगेत. राज्यघटनेचं कलम 21, म्हणजे जगण्याचा हक्क, परक्यांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सांगितलंय. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

जर्मनीतही सगळं गोड नाही. आश्रयाचा अर्ज फेटाळलेली माणसं हद्दपारी तात्पुरती लांबवणाऱ्या ‘डुल्डुंग’ नावाच्या कागदावर वर्षानुवर्षं लटकतात, दर काही महिन्यांनी तो वाढवून घेतात. तरी कागद असतो. पोरं शाळेत जातात, पगार बुडाला तर कामगार न्यायालयात जाता येतं.

दादा मला वळिवड्याचं उदाहरण देतो. 1943 पासून कोल्हापूरजवळ सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले, हे खरं. पण दादा, त्यांच्यासाठी सरकारमान्य छावणी होती, शाळा होती, दवाखाना होता. पोलीस दिसला की गल्ली बदलायची वेळ त्यांच्यावर नव्हती. या मुलाचं सगळं घरमालकाच्या मर्जीवर. मालक बदलला की माणुसकीही बदलते.

फ्लॅट त्यालाच दे, असं मी दादाला कळवलंय. परदेशी भाडेकरू आला की घरमालकाला 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरावा लागतो. त्यात व्हिसाच्या मुदतीपुढे काय लिहायचं, यावर आम्ही दोघं अडून बसलोय.