‘आपापसात मिटवून घ्या’ म्हणणाऱ्या सगळ्या मॅनेजर लोकांसाठी

आज मीटिंगमध्ये एका मॅनेजरने सगळ्यांदेखत दोन मुलींना सुनावलं, "तुम्ही काय शाळेत आहात का? आपापसात मिटवून घ्या, मला हा विषय परत ऐकायचा नाहीये." आणि लॅपटॉप उचलून निघून गेला. दोघी मान खाली घालून बसल्या. संध्याकाळ झाली तरी माझं डोकं तापलेलंच आहे म्हणून लिहितेय.

भांडण कशावरून आहे हे त्याने विचारलंच नाही हो! एकीला रिपोर्ट दुपारपर्यंत क्लायंटला पाठवायचा असतो, दुसरीला आकडे तपासल्याशिवाय तो पुढे सोडता येत नाही, आणि आकडे ज्या टीमकडून येतात ती टीमच मुळात दुपारी पाठवते. आता यात त्या दोघींनी मिटवायचं काय? एकीने न तपासता सोडून द्यायचं की दुसरीने क्लायंटची बोलणी खायची? वेळ बदलून घ्यायचा अधिकार दोघींकडेही नाही. तो ज्याच्याकडे आहे तो उठून गेला.

माझ्या आधीच्या नोकरीत हेच झालं होतं आणि ते मी विसरूच शकत नाही. आमच्याकडे सॉफ्टवेअर लिहिणारा एक डेव्हलपर होता आणि त्यातल्या चुका शोधणारी एक टेस्टर, दर रिलीजला, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडताना, यांचं वाजायचं म्हणजे वाजायचंच. तो म्हणायचा ही मुद्दाम शेवटच्या क्षणी चुका काढते, ती म्हणायची हा मुद्दाम शेवटच्या क्षणी काम देतो. ईमेलमध्ये अख्ख्या दुनियेला सीसीत घालून एकमेकांचे वाभाडे काढायचे. साहेबांनी काय केलं, तर दोघांना केबिनमध्ये बोलावून हात मिळवायला लावले, वर आम्हा सगळ्यांना टीम बिल्डिंगला नेलं, तिथे डोळ्याला पट्टी बांधून एकमेकांचा हात धरून चालायचं वगैरे. छान फोटो आले. पुढच्या रिलीजला पुन्हा तेच.

शेवटी तो डेव्हलपर कंटाळून सोडून गेला. सगळे म्हणाले, सुटलो, तोच तापट होता. त्याच्या जागी आलेली मुलगी इतकी शांत की तिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. आणि थोड्याच महिन्यांत ती आणि तीच टेस्टर, तेच भांडण, जवळजवळ तेच शब्द! माझ्या अंगावर तेव्हा काटा आला होता, कारण तो बिचारा "तापट" हा शिक्का घेऊन गेला होता आणि भांडण मात्र खुर्चीतच बसलेलं होतं.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. मेरी पार्कर फॉलेट नावाच्या, मॅनेजमेंटवर लिहिणाऱ्या अमेरिकन बाईंनी १९२५ मध्ये हे मांडून ठेवलंय. हार्वर्डच्या लायब्ररीतल्या एका छोट्या खोलीत कुणालातरी खिडकी उघडी हवी होती, बाईंना बंद हवी होती. मग त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. कारण बाईंना फक्त उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता आणि समोरच्याला खोलीत हवा खेळती हवी होती, हीच खिडकी उघडी पाहिजे असा हट्ट कुणाचाच नव्हता. बाई म्हणतात ही तडजोड नाही, कारण तडजोडीत दोघंही काहीतरी सोडतात, इथे कुणीच काही सोडलं नाही. मला हे फार आवडतं. आपल्याकडे मात्र मध्यस्थी म्हणजे "तू थोडं सोड, तू थोडं सोड", मग अर्धी खिडकी उघडी आणि दोघंही चिडलेले.

आमच्याकडे पुढे नवीन लीड, म्हणजे टीमच्या प्रमुख, आल्या. त्यांनी कुणाला हात मिळवायला लावले नाहीत, "तुम्हाला एकमेकांबद्दल काय वाटतं" हेही विचारलं नाही. दोघींशी वेगवेगळं बोलल्या आणि फक्त एवढंच विचारलं की मागच्या रिलीजला काम कुणाकडे कधी आलं, कधी पुढे गेलं, आणि तुला वेळेत काय मिळालं असतं तर चाललं असतं. मग दोघींना समोर बसवून ते सगळं एका कागदावर क्रमाने लिहून काढलं. तेव्हा कळलं की सेल्सवाले क्लायंटला शेवटपर्यंत हो हो म्हणत बदल आत घुसवत होते. डेव्हलपरला ते उशिरा कळायचे, टेस्टरची तारीख मात्र हलायची नाही. म्हणजे जे खरे कारण होते ते त्या भांडणात कधी नव्हतेच! लीडने नियम केला, रिलीजच्या ठराविक दिवस आधी बदल बंद, त्यानंतर काही आलं तर पुढच्या रिलीजला, आणि सेल्सशी भांडायचं ते मी भांडीन. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोठं वाटतं.

त्या दोघी काही मैत्रिणी झाल्या नाहीत. गरजही नव्हती, ईमेल साधे झाले, काम वेळेवर जायला लागलं, बास.

हो, काही माणसं खरंच खडूस असतात, मान्य. आणि बारीकसारीक कुरबुरीत मॅनेजरने नाक खुपसू नये हेही मान्य. आणि कुणी कुणाला त्रास देतंय, अपमान करतंय, छळतंय, तर ते दोघांचं भांडण नाहीच, तिथे समोरासमोर बसवून समजूत घालणं म्हणजे ज्याला त्रास होतोय त्याच्यावर अजून एक अन्याय. ती तक्रार आहे, ती तक्रार म्हणूनच घ्यायची.

आता थोडी शांत झालेय तर हेही लिहिते, आजच्या त्या मॅनेजरला पण हे कुणी शिकवलेलं नसणार. चांगलं काम करत होता म्हणून मॅनेजर केला, त्याच्यावरही वरून प्रेशर असणार, आणि दोन माणसं चिडलेली समोर आली की पळून जावंसं वाटतंच. समजू शकते मी. पण मग त्या मुलींच्या अप्रेझलमध्ये "टीममध्ये जुळवून घेत नाही" असं लिहू नकोस रे बाबा! माझ्या त्या जुन्या सहकाऱ्याच्या फाइलमध्ये असंच काहीतरी लिहिलं होतं, आणि खरं कारण सापडल्यावर ते खोडायला कुणीही गेलं नाही. आजही त्याचा विषय निघाला की जुने लोक म्हणतात, "हां, तो भांडखोर." मी दर वेळी अडवते, दर वेळी सेल्सची गोष्ट सांगते.

माझ्या लिस्टमध्ये बरेच मॅनेजर आहेत म्हणून सरळ विचारते, तुमच्या टीममधली जी दोन माणसं सारखी भांडतात त्यांचं काम एकमेकांकडे कधी आणि कसं जातं हे तुम्हाला माहितीये का? नसेल तर उद्या आधी तेवढं विचारा, स्वभावाचं नंतर बघू.