सह्याद्री वाहिनी चालू आहे, घरावरची छत्री उतरवू नका

‘कोकणातल्या टीव्हीचा खरा इतिहास’ नावाचा एक लांबलचक मजकूर सध्या आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. मुंबई दूरदर्शन १९८२ साली एशियाडसाठी (दिल्लीतल्या आशियाई खेळांसाठी) सुरू झालं, त्याआधी टीव्हीवर मराठी नव्हतंच, कोकणात टीव्ही आणला तो केबलवाल्यांनी, आणि २०२२ मध्ये टॉवर बंद झाल्यामुळे दूरदर्शनची मराठी सह्याद्री वाहिनी कायमची संपली. सबब डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या बिनभाड्याच्या उपग्रह सेवेची, छत्री काढा आणि महिन्याचं पॅकेज घ्या, असा एकूण मजकूर. एरवी असलं काही आलं की मी पुसून टाकतो. पण गुहागरकडच्या माझ्या मावशीने हे वाचलं, खरं मानलं, आणि दारात आलेल्या माणसाला चांगली चालती छत्री आणि बॉक्स भंगाराच्या भावात देऊन टाकला. आता ती दर महिन्याला पैसे भरतेय.

एशियाडचं आधी उरकतो. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९८२ साली आला तो रंगीत टीव्ही. आणि मराठी नव्हतं म्हणे! स्मिता पाटील याच केंद्रावर मराठी बातम्या वाचायच्या आणि १९७५ पर्यंत त्या श्याम बेनेगलांच्या चित्रपटांत पोचल्याही होत्या. मग त्या बातम्या कुठे वाचत होत्या? ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘आमची माती आमची माणसं’ ही नावं घरातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला विचारा.

केबलचा मुद्दाही खोटा, पण त्याच्या आसपास एक खरी गोष्ट आहे आणि ती मान्य करायला हवी. मुंबई केंद्राचा वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच असला तरी टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे पृथ्वीची गोलाईच आड येते. अलिबागला समुद्रावरून मुंबई दिसायची, रत्नागिरीला दिसणं शक्यच नव्हतं. १९८३ साली इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला आणि त्यानंतर देशभर छोटी सहक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिली. उपग्रहावरून कार्यक्रम घ्यायचा आणि शंभर वॅटच्या प्रक्षेपकाने पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत सोडायचा, एवढंच त्यांचं काम. पण वरून यायची ती दिल्ली. त्यामुळे रत्नागिरीसारख्या ठिकाणी सुरुवातीला मराठीपेक्षा हिंदीच जास्त दिसलं. डोंगराआडच्या वाड्यांत तर तेही नाही, काड्यांचा अँटेना कितीही फिरवला तरी पडद्यावर मुंग्याच. दूरदर्शनने कोकणाला उशिरा आणि अर्धं दिलं, ही तक्रार रास्त आहे. पण ते आणलं केबलने नव्हे. केबल गावोगाव पसरली ती नव्वदच्या दशकात.

आता मुख्य खोटं. टॉवर बंद झाले हे खरं. ऑक्टोबर २०२१ मध्ये दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने स्वतःच जाहीर केलं होतं की मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास सोडून बाकीचे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. पण हे निवेदन काढावं का लागलं? सिलचर आणि कलबुर्गीची दूरदर्शन केंद्रं बंद होणार अशा बातम्या पसरल्या होत्या म्हणून. केंद्रं कार्यक्रम करत राहतील, बंद होतोय तो कालबाह्य झालेला प्रक्षेपक, आणि दूरदर्शनच्या वाहिन्या डीडी फ्री डिशवर दिसत राहतील, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. मजकूर लिहिणाऱ्याने पहिलं वाक्य उचललं आणि पुढचं गाळलं.

टॉवर बंद झाल्यामुळे निकामी झाला तो काड्यांचा अँटेना. छत्रीचा टॉवरशी काडीचा संबंध नाही. ती थेट जीसॅट-१५ उपग्रहावरून घेते. आपल्याकडे तिचं तोंड आग्नेयेला आणि चांगलंच वर असतं, त्यामुळे समोरचा सह्याद्रीचा डोंगर आड येत नाही. माडाची झावळी आली तर मात्र येते. जोराच्या पावसात चित्र फुटतं, ते पाऊस ओसरला की पूर्ववत होतं. महिन्याचं भाडं शून्य. वादळाचा इशारा असताना किनाऱ्यावरच्या माणसाला मराठीत बातमी फुकट मिळते, ती साधीसुधी गोष्ट नव्हे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडून ती काढून घ्यायला लावणं हा निव्वळ नीचपणा आहे.

लोकांना हे पटतं कारण फ्री डिशवर वाहिन्या अधूनमधून खरोखरच गायब होतात. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, कुणी जातं, कुणी येतं, क्रमांक बदलतात. सह्याद्री नेहमीच्या आकड्यावर दिसली नाही तर रिमोटवर मेन्यूत जाऊन ऑटो स्कॅन लावा आणि यादी पूर्ण होईपर्यंत थांबा. तरीही आली नाही तर छत्री वाऱ्याने हलली आहे का ते बघा, मागची वायर गंजली आहे का ते बघा. कुणी दारात येऊन ‘आता हे चालत नाही’ म्हणाला, तर टीव्ही लावून त्याच्यासमोर सह्याद्री दाखवा आणि त्याला वाटेला लावा.